साथीच्या काळात पार्सलचं दुकान पुन्हा उघडताना: आधी पाणी, मग हवा, मग रांग

प्रश्न थोडक्यात असा आहे: फक्त पार्सल देणारं खाद्यपदार्थांचं दुकान काही आठवडे किंवा महिने बंद होतं. श्वासातून पसरणाऱ्या रोगाची साथ अजून सरलेली नाही, आणि दुकान पुन्हा सुरू करायचं आहे. कामगार, गिऱ्हाईक आणि अन्न तिन्ही सुरक्षित राहावेत म्हणून काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने?

क्रमाचा प्रश्न विचारलात हे बरं केलंत, कारण बहुतेक ठिकाणी चूक तिथेच होते. दुकान उघडायचं ठरलं की पहिली खरेदी जंतुनाशकाच्या कॅनची होते आणि पहिले दोन दिवस सगळं पुसण्यात जातात. प्रत्यक्षात दोन धोके त्याहून मोठे असतात. एक, बंद राहिल्यामुळे दुकानातच तयार झालेला: नळात साचलेलं पाणी, बिघडलेला फ्रीज, उंदीर. दुसरा, माणसांच्या मधल्या हवेतला. कोविड-१९च्या वेळी जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना यांनी एप्रिल २०२० मध्येच खाद्यव्यावसायिकांना सांगितलं होतं की हा आजार अन्नातून किंवा वेष्टनातून होण्याची शक्यता फार कमी आहे. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी असल्याचं म्हटलं. म्हणजे पुसणं सोडायचं नाही, पण दिवसभराची ताकद त्यातच घालवायचीही नाही.

सुरुवात पाण्यापासून करा, आणि तीही उघडण्याच्या किमान चार-पाच दिवस आधी. नळात आठवडेच्या आठवडे पाणी नुसतं उभं राहिलं की त्यातलं क्लोरीन उडून जातं आणि २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. ते पोटातून नव्हे, फुप्फुसातून त्रास देतात. पाण्याचे बारीक तुषार श्वासात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून टाकी असेल तर रिकामी करून घासून घ्या. नळांच्या तोंडच्या जाळ्या काढून त्यांवरचा क्षार धुवा. पाण्याच्या फिल्टरचं काडतूस बदला. मग खिडक्या उघड्या ठेवून, पाणी जिथून आत येतं त्याच्या जवळच्या नळापासून सुरुवात करून एकेक नळ हळू सोडा, तुषार उडू देऊ नका. प्रत्येक नळाचं पाणी किमान पाच मिनिटं वाहू द्या. रंग आणि वास गेला पाहिजे आणि तापमान स्थिर झालं पाहिजे. हात-फवारा असलेल्या सिंकवर फवाऱ्याचं तोंड पाण्यात बुडवून ठेवा. गीझरमधलं पाणी ६० अंशांपर्यंत तापवा, पण त्या दिवशी गरम नळाखाली कोणी थेट हात घालणार नाही एवढं बघा. बर्फाचं यंत्र असेल तर आतला सगळा बर्फ टाकून द्या, यंत्र धुवा आणि त्यानंतरचा पहिला घाणाही फेकून द्या. हे शेवटचं काम हमखास राहून जातं.

पाणी चालू आहेच, तर मोऱ्यांकडेही बघा. मोरीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपातलं, पाणी सुकलं की गटाराचा वास आणि झुरळं सरळ वर येतात. प्रत्येक मोरीत बादलीभर पाणी ओता. तेलकट सांडपाण्याच्या टाकीत तर चरबी घट्ट बसलेली असते. पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने भांडी धुतलीत तर पाणी मागे फिरून जमिनीवर येईल. ती आधी उपसून घ्या.

उंदरांचं काम गंभीरपणे घ्या. २०२० मध्ये उपाहारगृहं एकाच वेळी बंद पडल्यावर खरकटं मिळेनासं झालं, तेव्हा भुकेले उंदीर नव्या जागा शोधत फिरू लागले आणि त्याबद्दल सीडीसीला लोकांना सावध करावं लागलं. लहान उंदीर साधारण ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, मोठ्याला १२ मिलिमीटर पुरतात. टॉर्च घेऊन पाइप भिंतीत शिरतात ती जागा, दाराखालची फट आणि फ्रीजची मागची बाजू तपासा. फटीत आधी स्टीलचा काथ्या ठासा आणि वरून सिमेंट किंवा सीलंट भरा. नुसता फोम ते कुरतडून काढतात. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका, धूळ उडते. ब्लीचच्या पाण्याने भिजवा, पाच मिनिटं थांबा, हातमोजे घालून कागदाने उचला. वायर कुरतडली आहे का हे फ्रीजचा प्लग लावण्याआधी बघायचं, नंतर नाही.

फ्रीज चालू करून लगेच माल भरणं ही नेहमीची घाई. दाराच्या रबरात आधी कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर रबर गेलं आहे. कॉम्प्रेसरच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढा, आतलं पाणी वाहून जाण्याचं भोक मोकळं करा आणि रिकामा फ्रीज २४ तास चालू ठेवा. थर्मामीटर मोकळ्या हवेत टांगू नका, दार उघडलं की आकडा उड्या मारतो. मधल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा. मालाचं खरं तापमान त्यातून कळतं. फ्रीज ५ अंश किंवा त्याखाली, फ्रीझर उणे १८. थर्मामीटरचाच भरवसा नसेल तर चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी एकत्र ढवळून त्यात धरा, ० अंश दाखवला पाहिजे.

फ्रीझरमध्ये बंदच्या काळात माल राहिला असेल आणि मध्ये वीज गेली होती का हे कोणालाच ठाऊक नसेल, तर पाकिटांचा आकार बघा. मूळ आकार जाऊन तळाला सपाट गोठलेलं पाकीट, आत साठलेला लालसर बर्फ, एकमेकांना चिकटलेले तुकडे ही वितळून पुन्हा गोठल्याची खूण. असा माल चांगला दिसला, वास आला नाही, तरी टाकायचाच. शिजवून तो सुरक्षित होईल असं धरून चालू नका, काही जिवाणूंची विषं शिजवूनही टिकतात. फुगलेले, गळणारे किंवा सांध्यावर गंजलेले डबेही बाद.

गॅसच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा. आणखी एक गोष्ट, जी क्वचित कोणी सांगतं: बंद बर्नरच्या नळीत कोळी जाळं करतात. ज्योत निळ्याऐवजी पिवळी, लांब आणि काजळी धरणारी आली तर तो बर्नर बंद करून साफ करून घ्या. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट ज्वलन, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही.

आता हवा. पार्सलच्या दुकानाची अडचण अशी की स्वयंपाकघर लहान, शेगडीवरचा एक्झॉस्ट ताकदवान, आणि गिऱ्हाइकाची खिडकी हीच हवा आत यायची मुख्य वाट. एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. मागचं दार बंद असेल तर ती रांगेतल्या माणसांच्या तोंडावरून थेट काउंटरवरच्या कामगाराच्या चेहऱ्यावर येते. तपासायला एक मिनिट पुरतं. एक्झॉस्ट पूर्ण वेगाने लावा, खिडकीच्या चौकटीत टिश्यूची अरुंद पट्टी दोन बोटांत धरा. पट्टी आडवी होऊन आत ओढली जात असेल तर मागच्या बाजूने हवा यायची सोय करा: दार उघडं, त्यावर माश्यांची जाळी, किंवा भिंतीत हवा आत घेणारी झडप. मागून पुरेशी हवा मिळू लागली की खिडकीतली पट्टी जवळजवळ सरळ लोंबते. तीच पट्टी हूडच्या, म्हणजे शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या छताच्या, जाळीवर लावून बघा, चिकटून राहिली तर ओढ ठीक आहे. पडली तर जाळीत तेल तुंबलं आहे. काउंटरवर उकडतं म्हणून कामगाराच्या पाठीमागे पंखा लावून हवा खिडकीबाहेर सोडू नका, त्याचा श्वास मग गिऱ्हाइकांवर जातो. पंखा लावायचाच तर एकाच्या तोंडावरून दुसऱ्याकडे वारा जाणार नाही असा लावा, आणि शेगडीच्या ज्योतीवरही येऊ देऊ नका.

कार्बन डायऑक्साइडचं मीटर बरेच जण घेतात. बाहेरच्या हवेत ते ४०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४०० भाग) थोडं वर दाखवतं. बंद खोलीत ८०० च्या आत राहिलं तर माणसांचा श्वास पुरेसा विरळ होतो आहे असं समजायला हरकत नाही. पण गॅसच्या शेगडीजवळ हे मीटर निरुपयोगी आहे. गॅस जळतानाही कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यामुळे आकडा चढतो आणि त्याचा श्वासाशी संबंध राहत नाही. मीटर ठेवायचं ते कामगार जिथे बसून जेवतात तिथे. ती जागा शेगडीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिथे मास्क उतरलेले असतात, चार जण जवळ बसलेले असतात आणि गप्पा चालू असतात. स्वयंपाकघरात सगळे नियम पाळून दुपारी एकाच बाकावर जेवणाऱ्या गटात संसर्ग पसरतो, आणि मग दोष उगाच गिऱ्हाइकांवर जातो. जेवणाच्या सुट्ट्या एकेकट्याच्या किंवा दोघांच्या ठेवा. शक्य असेल तर बाहेर, नाहीतर उघड्या खिडकीजवळ आणि तोंडं एकाच दिशेला. कपडे बदलायच्या खोलीलाही हेच लागू.

एक्झॉस्टचा आवाज हाही हवेचाच भाग समजा. आवाजामुळे माणसं ओरडून बोलतात, आणि ओरडताना नेहमीच्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त थेंब तोंडातून बाहेर पडतात. ऑर्डर ओरडून सांगायची पद्धत बंद करा. छापील चिठ्ठी खिळ्यावर लावा किंवा पडद्यावर दाखवा. गिऱ्हाइकाला नंबर दाखवा, हाक मारू नका. मास्क वाफेने आणि घामाने ओला झाला की श्वास घेणं जड जातं आणि माणूस तो नाकाखाली ओढतो. शेगडीवरच्या माणसाला एका पाळीत तीन-चार मास्क द्या, तरच तो नीट घालेल.

काउंटरवर पारदर्शक पडदा लावलात तर तो समोरून उडणारे थेंब अडवतो, हवेत तरंगणारे सूक्ष्म कण अडवत नाही. पडदा एवढा मोठा नको की हवाच कोंडेल. पार्सल द्यायची फट कमरेच्या उंचीवर ठेवा. तोंडासमोर गोल भोक पाडलं की लोक वाकून नेमके त्या भोकातूनच बोलतात.

रांग ही जागेची नाही, वेळेची अडचण आहे. पिवळे पट्टे मारून ती सुटत नाही. दोन मीटर अंतराने ६ जण उभे केले तर १० मीटर लांब रांग होते, आणि तेवढी भिंत बहुतेक दुकानांपुढे नसतेच. म्हणून माणसं एकदम येणारच नाहीत अशी व्यवस्था करा. हिशेब सोपा आहे. दुकानातला सर्वांत संथ टप्पा शोधा. बहुतेक वेळा तो शेगडी नसतो, पार्सल बांधणं असतो. एक माणूस एक ऑर्डर तपासून बांधायला ९० सेकंद घेत असेल तर १० मिनिटांत ६ ऑर्डर होतात. मग दर १० मिनिटांच्या वेळेत ५ च ऑर्डर घ्या. सहावी जागा चुकलेल्या, उशिरा आलेल्या आणि परत बांधाव्या लागलेल्या पार्सलसाठी मोकळी सोडा. वेळ सांगताना ‘अर्ध्या तासाने या’ असं मोघम नको, ‘७.२० ते ७.३०’ असं सांगा. आयत्या वेळी येणाऱ्यांची ऑर्डरही घ्या, पण त्यांनाही पुढच्या मोकळ्या वेळेचा नंबर देऊन दुकानापासून लांब थांबायला सांगा. पहिल्या आठवड्यात धंदा हातचा जातोय असं वाटून सातवी-आठवी ऑर्डर घ्यायचा मोह होईल. ती घेतली की सगळ्यांचीच पार्सलं उशिरा निघतात आणि १५ माणसं दारात उभी राहतात.

पार्सल हातात देण्याची पद्धत अशी ठेवा. पैसे शक्यतो ऑर्डर घेतानाच, मोबाइलवर किंवा कार्डाने. रोख आली तर ट्रेमध्ये. रोख घेणारा माणूस अन्नाला हात लावत नाही. पिशवीवर नंबर आणि बांधल्याची वेळ, तोंडावर उघडलं तर फाटेल असं स्टिकर. पिशवी नंबर टाकलेल्या फळीवर ठेवली जाते, कामगार मागे सरतो, गिऱ्हाईक उचलतं. डिलिव्हरीवाल्यांसाठी फळी वेगळी आणि उभं राहायची जागा वेगळी, शक्यतो बाजूच्या दारापाशी. दिवसभरात सर्वांत जास्त दुकानं फिरणारी माणसं तीच असतात. त्यांना हात धुवायला नळ आणि वापरायला स्वच्छतागृह द्या. हे सौजन्य तर आहेच, शिवाय तुमच्याच गिऱ्हाइकाचं पार्सल त्या हातात जाणार आहे.

फळीवर पार्सल किती वेळ राहतं याकडे लक्ष ठेवा. विषाणूच्या काळजीत जुने नियम विसरले जातात आणि माणसं आजारी पडतात ती साध्या अन्नविषबाधेने. गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड ५ च्या खाली. मधल्या पट्ट्यात जिवाणू वेगाने वाढतात. गरम कपाट नसेल तर पार्सल आधीच बांधून ठेवू नका, दिलेल्या वेळेच्या १० मिनिटं आधी बांधा. गरम आणि थंड एका पिशवीत घालू नका.

साथीत मागणीचा अंदाज चुकतो, हाही मोठा धोका. पूर्वीच्या सवयीने मोठं पातेलं चढवलं, निम्मं उरलं, ते तसंच झाकून फ्रीजमध्ये गेलं. खोल पातेल्याचा मध्यभाग तासन्‌तास कोमट राहतो, फ्रीज कितीही चांगला असो. शिजवलेल्या धान्यात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू अशा वेळी वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. उरलेलं अन्न ५ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीत उथळ ट्रेमध्ये पसरा. ६० वरून २१ अंशांवर २ तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या ४ तासांत यायला हवं. परत गरम करताना मध्यभागी ७५ अंश. खरं तर पहिले काही आठवडे पदार्थांची यादी निम्म्यावर आणा आणि लहान घाणे करा. कमी पदार्थ म्हणजे कमी माणसं, मोकळी जागा आणि कमी उरणं. नेहमीचा पुरवठादार बंद असल्याने बदली माल आला असेल तर त्यावरची घटकांची यादी वाचा. सॉस किंवा मसाल्याचं मिश्रण बदललं की त्यात शेंगदाणे, तीळ, दूध, सोया नव्याने येऊ शकतं, आणि ॲलर्जी असलेल्याला ते पार्सलच्या बंद डब्यातून कळायला मार्ग नसतो.

हात धुणं: साबण, वाहतं पाणी, २० सेकंद. किमान ६० टक्के अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर काउंटरवर आणि गिऱ्हाइकांसाठी ठीक. स्वयंपाकघरात साबणच हवा, कारण तेलकट हातांवर सॅनिटायझर चालत नाही आणि उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोल फारसं काम करत नाही. शिवाय ओले सॅनिटायझरचे हात घेऊन कोणी शेगडीजवळ गेलं तर ते पेट घेऊ शकतं. हातमोजे घातले म्हणजे हात स्वच्छ असं नाही. पैसे, मोबाइल आणि अन्न एकाच मोज्याने हाताळणारा माणूस उघड्या, धुतलेल्या हातांच्या माणसापेक्षा घाण असतो.

जंतुनाशकासाठी साधं ब्लीच पुरतं, प्रमाण मात्र मोजून. ५ टक्क्यांचं ब्लीच असेल तर २० मिलिलिटर घेऊन एकूण १ लिटर पाणी करा, ०.१ टक्के द्रावण होतं. ते दाराच्या मुठी, स्विच, नळ यांना. अन्नाला लागणाऱ्या ओट्यासाठी आणि फळ्यांसाठी त्याहून सौम्य, १ लिटरला ४ मिलिलिटर, म्हणजे २०० पीपीएम. आधी साबणाने घासून धुवा, कारण खरकटं आणि तेल क्लोरीन खाऊन टाकतं. मग द्रावण लावून किमान एक मिनिट ओलं राहू द्या. लावलं की लगेच पुसणं म्हणजे न लावण्यासारखंच. पाणी थंड घ्या, द्रावण रोज ताजं करा, आणि ॲसिड किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. अन्नावर, पार्सलवर किंवा माणसांवर जंतुनाशक फवारायचं नाही.

कामगारांचे दोन गट करा, त्यांची अदलाबदल नको. दोन पाळ्यांमध्ये अर्धा तास दुकान रिकामं आणि खिडक्या उघड्या. एका गटात आजार शिरला तरी दुसरा गट दुकान चालवू शकतो. दारात ताप मोजणाऱ्या बंदुकीवर विसंबू नका. कोविडमध्ये लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग देऊ शकतो, आणि भट्टीजवळून आलेल्याचं कपाळ तसंही गरम लागतं. त्यापेक्षा रोज चार प्रश्न विचारा: खोकला, घसा, ताप, घरात कोणी आजारी? आणि खरं सांगणाऱ्याचा पगार कापू नका. आजारी रजेचे पैसे मिळत नसतील तर माणूस खोकला दाबून कामावर येतो, आणि मग वर लिहिलेलं काहीही उपयोगाचं नाही. उलट्या-जुलाब असतील तर ते थांबल्यावर ४८ तासांनीच अन्नाजवळ.

उघडल्यावर एखादा कामगार बाधित निघालाच तर त्याला लगेच घरी पाठवा. आदल्या दोन दिवसांत त्याच्यासोबत कोण जेवलं, कोणी एकत्र प्रवास केला याची यादी करा आणि त्या लोकांना स्थानिक आरोग्य विभागाच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे थांबवा. खिडक्या उघडा, एक्झॉस्ट चालवा, तो काम करत होता ती जागा धुऊन ब्लीचने पुसा. शिजवलेलं अन्न फेकायची गरज नाही, गिऱ्हाइकांची पार्सलं परत मागवायचीही गरज नाही. दुसरा गट त्या दिवशी वेळेआधी बोलवता आला तर दुकान चालू ठेवा, नाहीतर त्या संध्याकाळच्या ऑर्डर रद्द करून प्रत्येक गिऱ्हाइकाला तसं कळवा.